जुना काटा व नवा संगणक : यूएसबी-सीरियल अडॅप्टरविषयीं उपयुक्त माहिती

आपल्या गांवोगांवच्या दूध संकलन केंद्रांत वजनकाटा व फॅट मशीन हीं दोन यंत्रें संगणकास जोडलेलीं असतात, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. सभासद दूध ओततो, काट्यावरचा आकडा आपोआप संगणकांत उतरतो, नमुन्याचें फॅट व एसएनएफ त्यापाठोपाठ येतें आणि पावती छापली जाते. हा आकडा ज्या तारेंतून जातो ती तार बहुधा जुन्या सीरियल पद्धतीची असते. तिच्या टोकास नऊ पिनांचें, दोन्ही बाजूंस स्क्रू असलेलें डोकें असतें. काटा चांगला राखला तर पुष्कळ वर्षें चालतो. संगणक मात्र त्या मानानें अल्पायुषी. तो बदलण्याची वेळ आली म्हणजे असें आढळतें कीं, नव्या संगणकास त्या नऊ पिनांच्या डोक्याची जागाच नाहीं. मग विक्रेता सुचवितो कीं, काटाही नवाच घ्यावा. संस्थेची कमिटी विचारांत पडते; कारण नव्या काट्याचा खर्च शेवटीं सभासदांच्याच खिशांतून जावयाचा असतो.

आमचें सांगणें असें कीं, हा खर्च बहुतेक वेळां अनावश्यक आहे. यूएसबी-सीरियल अडॅप्टर नांवाची एक लहानशी वस्तु कांहीं शें रुपयांत मिळते. तिचें एक टोक नव्या संगणकाच्या यूएसबी भोंकांत व दुसरें जुन्या तारेंत बसतें. विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीवर अथवा तिच्या जातीच्या दुसऱ्या प्रणालीवर ज्या संस्थांचें काम चालतें, त्यांस याकरितां बहुधा निराळा प्रोग्रामही घ्यावा लागत नाहीं. परंतु तार जोडली म्हणजे काम झालें, असें समजूं नये. संगणकाच्या दप्तरांत त्या यंत्राचें नांव बरोबर लागलें आहे कीं नाहीं व तें वाचण्याचा अधिकार कोणास आहे, या दोन गोष्टी पक्क्या केल्याखेरीज हिशेबावर विश्वास ठेवूं नये. जमिनीच्या व्यवहारांत जी गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलों, तीच येथेंही लागू आहे.

जोडणीचें मूळ

सीरियल जोडणीचा प्रमाण-नियम अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन या संस्थेनें १९६० सालीं घालून दिला. त्यास आरएस-२३२ असें म्हणतात. त्यांत अक्षरें एकामागून एक, बैलगाड्यांच्या रांगेप्रमाणें, एकाच तारेंतून जातात. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असले म्हणजे एक हा अंक, व अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट असले म्हणजे शून्य, असा संकेत आहे. संगणकाच्या बाजूच्या नऊ पिनांच्या डोक्यांत दुसरी पिन माहिती घेण्याची, तिसरी पाठविण्याची व पांचवी भूमीची, म्हणजे अर्थची असते. साध्या काट्यास या तीन तारांवर काम भागतें.

युनिक्स ही प्रणाली १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं सुरू केली, तेव्हां संगणकाशीं बोलण्याचें साधन टेलिटाइप हेंच होतें. त्यावरून तारेच्या प्रत्येक टोकास टीटीवाय हें नांव पडलें व तें आजतागायत चालू आहे. प्रत्येक यंत्र फाइलीप्रमाणें उघडावें, वाचावें व लिहावें, ही युनिक्सची रीत. १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं सुरू केलेल्या लिनक्सनें तीच रीत उचलली. पुढें १९९६ सालीं यूएसबीचा पहिला प्रमाण-नियम निघाला व हळूहळू नऊ पिनांचें डोकें संगणकांतून नाहींसें झालें. अडॅप्टरांतील चिप या दोन पद्धतींमध्यें दुभाष्याचें काम करते.

अडॅप्टर घेतांना

बाजारांत एकसारखे दिसणारे अडॅप्टर निरनिराळ्या कामांचे असतात, याची खरेदीपूर्वींच खातरी करावी. काट्यास व फॅट मशीनीस बहुधा आरएस-२३२ जातीचा लागतो. ज्यास टीटीएल म्हणतात तो ३.३ अथवा ५ व्होल्टांवर चालतो व लहान विद्युत्‌-मंडळांकरितां असतो. तो आरएस-२३२ च्या तारेस जोडल्यास जळून जाण्याचा संभव आहे. तिसरी जात आरएस-४८५ ची. शेतांतील ओलावा मोजणारे कांहीं सेन्सर या जातीचे असतात. आरएस-२३२ ची तार साधारणपणें १५ मीटरांपलीकडे भरंवशाची नसते. आरएस-४८५ ची जोडतार कमी वेगावर १,२०० मीटरांपर्यंत जाऊं शकते. म्हणून विहिरीवरील अथवा दूरच्या वाफ्यांतील यंत्रास हीच जात घ्यावी.

अडॅप्टरच्या पोटांतील चिप कोणाची आहे, हेंही विचारावें. एफटीडीआय, प्रोलिफिक, सिलिकॉन लॅब्ज व डब्ल्यूसीएच या चार कंपन्यांच्या चिपा मुख्यत्वें आढळतात. या चौघांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांतच असल्यामुळें सहसा वेगळे बसवावे लागत नाहींत. एफटीडीआयच्या चिपेच्या नकला बाजारांत फार आहेत. २०१४ सालीं विंडोजकरितां निघालेल्या त्या कंपनीच्या एका ड्रायव्हरनें अशा नकली चिपांचा उत्पादन-क्रमांकच शून्य करून टाकला व पुष्कळांचीं चालतीं यंत्रें बंद पडलीं. पुढें तो ड्रायव्हर मागें घेण्यांत आला. लिनक्सच्या ड्रायव्हरनें असें केलें नाहीं. तरीही नकली माल टाळणें हेंच शहाणपणाचें. जो दुकानदार चिपेचें नांव पावतीवर लिहून देईल, त्याच्याकडूनच घ्यावा.

संगणकानें ओळखलें कीं नाहीं

पुढील आज्ञा संगणकांत रोमन लिपींत व लहान अक्षरांत लिहावयाच्या आहेत. येथें त्यांचे उच्चार अथवा अक्षरें दिलीं आहेत. अडॅप्टर बसवून ‘डी-एम-ई-एस-जी’ ही आज्ञा द्यावी. कांहीं प्रणालींत तिच्या आधीं ‘सुडो’ हा शब्द लावावा लागतो. पडद्यावर शेवटच्या ओळींत चिपेचें नांव व ‘टीटीवाय-यूएसबी-०’ असें कांहीं दिसलें म्हणजे ओळख पटली. कांहीं यंत्रांत यूएसबीचें टोक अंगचेंच असतें; त्यांचें नांव ‘टीटीवाय-एसीएम-०’ असें पडण्याचा संभव असतो. फ्रीबीएसडी प्रणालींत तेंच नांव ‘सी-यू-ए-यू-०’ असें, व ॲपलच्या मॅकमध्यें ‘सीयू-डॉट-यूएसबीसीरियल’ अशा आरंभाचें असतें. हीं सर्व नांवें ‘डेव्ह’ या निर्देशिकेंत सांपडतात.

कांहींच ओळ उमटली नाहीं तर ‘एल-एस-यूएसबी’ ही आज्ञा देऊन यादींत चिप दिसते का तें पाहावें. तेथेंही नसेल, तर भोंक अथवा केबल बदलून पाहावी. सुटी केबल असणाऱ्या अडॅप्टरांस कित्येकदां मोबाइल चार्जिंगची केबल लावली जाते. तिच्यांत विजेच्या तारा असतात, पण माहितीच्या नसतात. दिवा लागतो आणि संगणकास मात्र कांहींच दिसत नाहीं.

यादींत चिप दिसते, नांवही क्षणभर पडतें व लगेच नाहींसें होतें, असा एक चमत्कारिक प्रकार २०२२ सालच्या उबंटू २२.०४ या आवृत्तींत पुष्कळांस आढळला. अंध व्यक्तींच्या ब्रेल यंत्रांसाठीं त्यांत ‘बी-आर-एल-टी-टी-वाय’ नांवाचा प्रोग्राम असतो. डब्ल्यूसीएचच्या सीएच-३४० चिपेचा ओळख-क्रमांक एका ब्रेल यंत्राच्या क्रमांकाशीं जुळत असल्यामुळें तो प्रोग्राम अडॅप्टर आपलाच समजून ताब्यांत घेत असे. केंद्रावर ब्रेल यंत्राचा उपयोग नसेल तर तो प्रोग्राम काढून टाकावा, म्हणजे अडचण दूर होते.

वाचण्याचा अधिकार

नांव पडलें तरी प्रोग्राम ‘परवानगी नाहीं’ असें उत्तर देऊं शकतो. याचें कारण असें कीं, त्या यंत्राच्या फाइलीचा मालक रूट, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी, असतो व त्याखेरीज एका ठराविक गटासच तींत वाचण्या-लिहिण्याची मुभा असते. डेबियन, उबंटू व फेडोरा यांत त्या गटास ‘डायलआउट’ म्हणतात. टेलिफोनवरून क्रमांक फिरविण्याच्या काळापासून तें नांव आलें. आर्च प्रणालींत तो गट ‘यू-यू-सी-पी’ व फ्रीबीएसडींत ‘डायलर’ या नांवाचा आहे. जो मनुष्य केंद्रावर बसतो, त्याचें खातें या गटांत घालावें.

लिनक्सवर हें काम ‘यूझरमॉड’ या आज्ञेनें होतें. तिच्यापुढें उणे चिन्ह, लहान ‘ए’ व मोठा ‘जी’ हीं अक्षरें, नंतर गटाचें नांव व शेवटीं खात्याचें नांव लिहावें. यांतील लहान ‘ए’ कधींही गाळूं नये. तो असला तर जुन्या नोंदी कायम राहून नवी नोंद वाढते. तो नसला तर त्या खात्याच्या पूर्वीच्या साऱ्या जादा गटांच्या नोंदी पुसून केवळ नवी एकच उरते, व व्यवस्थापकाचा अधिकारही त्याबरोबर जाऊं शकतो. नांव चढवावयाचें आणि आधींचे सारे वारस कमी करावयाचे, यांत जेवढें अंतर, तेवढेंच या एका अक्षरांत आहे. नोंद झाल्यावर एकदां खात्यांतून बाहेर पडून पुन्हां आंत यावें; तोंपर्यंत नवा अधिकार लागू होत नाहीं.

घाईंत कित्येक जण त्या फाइलीवर सर्वांस मुभा देऊन टाकतात. तें टिकत नाहीं. अडॅप्टर काढून पुन्हां लावला कीं फाइल नव्यानें तयार होते व मुभा जाते. सारा हिशेबाचा प्रोग्राम सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें चालविणें तर त्याहून वाईट. एका काट्यासाठीं घराच्या सगळ्या किल्ल्या कोणी शेजाऱ्यास देत नाहीं.

वेग व चांचणी

काटा व संगणक यांचा बोलण्याचा वेग एकच असावा लागतो. तो काट्याच्या माहितीपुस्तकांत दिलेला असतो. ९६०० हा वेग, आठ अंकांचें अक्षर, पडताळा-अंक नाहीं व शेवटचा एक थांबा, ही मांडणी पुष्कळ यंत्रांत आढळते. अशा मांडणींत प्रत्येक अक्षरास आरंभ व थांबा धरून दहा ठोके लागतात. म्हणजे एका सेकंदांत ९६० अक्षरें जातात. काट्याच्या आकड्यास हा वेग पुरून उरतो.

हिशेबाचा प्रोग्राम लावण्यापूर्वीं तार स्वतंत्र तपासावी. लिनक्सवर ‘पिकोकॉम’, ‘मिनिकॉम’ अथवा ‘स्क्रीन’, व बीएसडी प्रणालींत ‘सी-यू’, या प्रोग्रामांपैकीं कोणताही चालतो. त्यास यंत्राचें नांव व वेग सांगितला म्हणजे काट्याकडून येणारीं अक्षरें पडद्यावर दिसूं लागतात. कांहीं काटे आपण होऊन आकडा पाठवितात. कांहीं मागणीचें अक्षर मिळाल्यावरच उत्तर देतात. मात्र एका वेळीं एकाच प्रोग्रामनें तार उघडावी. दोघांनीं उघडल्यास अक्षरें दोघांत वांटलीं जातात व कोणाच्याच हातीं पुरा आकडा येत नाहीं.

चांचणींत पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. अक्षरें येतात पण तीं अर्थहीन दिसतात, असें झाल्यास वेग चुकला आहे. कांहींच येत नसेल तर पाठविण्याची व घेण्याची तार एकमेकींस उलटसुलट जोडली आहे का, हें पाहावें. सरळ तार व उलटी तार अशा दोन जाती बाजारांत असतात. दोष अडॅप्टरचा कीं काट्याचा, हें ठरविण्याचा सोपा उपाय असा : काटा सोडवून अडॅप्टरच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिना एका बारीक तारेनें जोडाव्या, प्रोग्राममधील हार्डवेअर नियंत्रण बंद ठेवावें व कळफलकावर कांहीं टंकावें. टंकलेलीं अक्षरें पडद्यावर परत आलीं, तर संगणक व अडॅप्टर दोन्ही निर्दोष आहेत व शोध पुढें तारेंत अथवा काट्यांत घ्यावा. या एका कसोटीनें दुरुस्तीवाल्याची एक फेरी वाचते.

नांवाचा घोळ

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. ‘टीटीवाय-यूएसबी-०’ या नांवांतील शून्य हा अंक यंत्राचा स्वतःचा नव्हे. जो अडॅप्टर संगणकास प्रथम दिसला त्यास शून्य, दुसऱ्यास एक, असा तो केवळ आगमनाचा क्रम आहे. सभेंत आधीं आला त्यास पहिली खुर्ची, तसाच हा प्रकार. एकच यंत्र असेल तर बहुधा निभावतें. तरीही प्रोग्राम चालू असतां तार निघाली व पुन्हां बसविली, तर जुना क्रमांक प्रोग्रामनें अडवून ठेवलेला असल्यामुळें यंत्रास पुढचा क्रमांक मिळतो, व काटा जागेवर असूनही तो ‘सांपडत नाहीं’ असें दिसतें.

दोन यंत्रें असतां खरा धोका आहे. काटा व फॅट मशीन यांची अदलाबदल झाली तर अक्षरांची रचना निराळी असल्यामुळें प्रोग्राम अडतो व चूक लागलीच ध्यानांत येते. पण समजा, केंद्रावर गाईच्या दुधास एक व म्हशीच्या दुधास एक, असे एकाच जातीचे दोन काटे आहेत. झाडलोट करतांना दोन्ही तारा निघाल्या व उलट क्रमानें बसविल्या, अथवा वीज जाऊन परत आल्यावर संगणकास ते निराळ्या क्रमानें दिसले. दोघांचीं अक्षरें एकाच साच्याचीं. प्रोग्राम बिनतक्रार चालतो. मात्र गाईच्या काट्यावरचें वजन म्हशीच्या खात्यांत व म्हशीचें गाईच्या खात्यांत पडतें. महाराष्ट्रांत गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ ही प्रत धरून सांगतात. म्हशीच्या दुधाची प्रत व दर निराळा. चार म्हशी राखणाऱ्याचा घाम एकाच्या पदरांतून दुसऱ्याच्या पदरांत जातो, पावतीवर मात्र सर्व आकडे नीटनेटके छापलेले असतात. छापील आकड्यावर माणूस सहसा शंका घेत नाहीं, म्हणूनच ही चूक हाताच्या चुकीपेक्षां अधिक घातक आहे.

यावर उपाय लिनक्सनेंच करून ठेविला आहे. ‘डेव्ह’ निर्देशिकेंत ‘सीरियल’ नांवाची पोटनिर्देशिका असते व तींत ‘बाय-आयडी’ आणि ‘बाय-पाथ’ असे दोन कप्पे असतात. ‘बाय-आयडी’मध्यें प्रत्येक अडॅप्टरचें नांव त्याच्या कंपनीच्या नांवावरून व चिपेंतील अनुक्रमांकावरून पडतें. हा अनुक्रमांक म्हणजे शेताचा गट नंबर समजावा. मालक कोठेंही बसो, गट नंबर बदलत नाहीं. हिशेबाच्या प्रोग्रामला ‘टीटीवाय-यूएसबी-०’ असें न सांगतां हें लांबलचक नांव सांगावें, म्हणजे क्रम कसाही बदलला तरी काटा तोच राहतो.

परंतु सर्वच चिपांस निराळा अनुक्रमांक नसतो. सीएच-३४० ही स्वस्त चिप व प्रोलिफिकच्या जुन्या चिपा बहुधा तो बाळगीत नाहींत. असे दोन अडॅप्टर लावल्यास दोघांचें ‘बाय-आयडी’ नांव एकच होतें व कप्प्यांत एकच दुवा दिसतो. तो कोणत्या काट्याचा, याचा भरंवसा राहत नाहीं. गट नंबर नसलेल्या जुन्या दस्तांत शेत जसें चतुःसीमेवरून ओळखीत, तसें येथें ‘बाय-पाथ’वरून ओळखावें. हें नांव अडॅप्टर संगणकाच्या कोणत्या भोंकांत बसला आहे, त्यावरून पडतें. मात्र मग भोंक बदलून चालणार नाहीं. प्रत्येक भोंकापाशीं व प्रत्येक तारेवर एकाच रंगाची खूण करावी. मध्यें हब असेल तर त्यावरही. नवी खरेदी करावयाची असेल तर निराळा अनुक्रमांक असलेले अडॅप्टर घेणें अधिक बरें. किमतींतील थोडा फरक एका दिवसाच्या चुकीच्या हिशेबापुढें कांहींच नाहीं.

ज्यांस सुटसुटीत नांव हवें त्यांनीं ‘यूडेव्ह’च्या नियमांच्या निर्देशिकेंत एक ओळीचा नियम लिहावा. अमुक अनुक्रमांकाचा अथवा अमुक भोंकांतील अडॅप्टर दिसला म्हणजे त्यास ‘गाय-काटा’ असें रोमन अक्षरांत जादा नांव द्यावें, एवढेंच त्यांत सांगावयाचें असतें. मग प्रोग्रामांत तेंच नांव घालावें. पुढें अडॅप्टर बदलला तर नियमांतील क्रमांक तेवढा बदलावा लागतो; प्रोग्रामास हात लावण्याचें कारण पडत नाहीं.

संस्थेनें काय करावें

जोडणी पुरी झाल्यावर पांच-सहा सभासदांदेखत एक परीक्षा घ्यावी. प्रमाणित छापाचें दहा किलोचें वजन केवळ गाईच्या काट्यावर ठेवावें व संगणकांत तें कोणत्या सदरीं उमटतें तें पाहावें. मग म्हशीच्या काट्यावर तसेंच करावें. नंतर संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा व परीक्षा परत घ्यावी. जोडणी ‘बाय-आयडी’ नांवावर केली असेल तर दोन्ही यूएसबी तारा काढून मुद्दाम उलट भोंकांत बसवाव्या. तरीही वजन योग्य सदरींच पडलें पाहिजे. ‘बाय-पाथ’वर केली असेल तर तारा काढून उलट क्रमानें, पण आपापल्या भोंकांतच, बसवाव्या व तोच निकाल येतो का हें पाहावें.

निकाल तारखेसह संस्थेच्या वहींत लिहून त्याखालीं हजर सभासदांच्या सह्या घ्याव्या. त्याच पानावर प्रत्येक अडॅप्टरच्या चिपेचें नांव, अनुक्रमांक असल्यास तो, भोंकाची खूण, वेग व ज्या खात्यास अधिकार दिला त्याचें नांव नोंदवावें. संगणक बसविणारा मनुष्य उद्यां गांवांत असेलच असें नाहीं; वही मात्र राहते. ज्या केंद्रांत एकाच जातीचे दोन काटे यूएसबी अडॅप्टरवर चालतात, तेथील सभासदांनीं ही परीक्षा आमच्या भरंवशावर पुढें ढकलूं नये; येत्या पगाराच्या याद्या निघण्यापूर्वींच ती घेण्याची मागणी कमिटीकडे करावी. तीस वजनाचा एक दगड व अर्धा तास एवढाच खर्च आहे.